लाल रंगातली कलमं

माझ्या अंगावर आजवर बारा शाली पडल्या आहेत. आंधळ्या माणसाने काही केलं की शाल, आणि काहीच केलं नाही तरी शाल. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होतो तेव्हा चार मिळाल्या. माझ्या जागी यंत्र बसलं आणि बँकेने मला गोड बोलून स्वेच्छानिवृत्ती घ्यायला लावली, त्या समारंभात पाचवी. बाकीच्या कुठे कुठे मिळाल्या ते आता आठवतही नाही. दीपमाला वानखडेला मात्र एकही मिळालेली नाही. तिने सात वर्षांत दोनशेच्या वर पुस्तकं आम्हाला वाचता येतील अशी करून दिली, आणि शेवटी तिला केंद्रातून ज्या पद्धतीने वाटेला लावलं ती आठवली की अजून माझं डोकं फिरतं.

तेव्हा हे मी रागाने लिहितोय. थोडं शांत झाल्यावर लिहा, असं दोघातिघांनी सुचवलं. दोन वर्षं झाली, अजून झालो नाही.

मी आप्पासाहेब रायकर, धायरीचा. धायरीला लोक गाव म्हणायचे तेव्हापासूनचा. सातव्या वर्षी गोवरात डोळे गेले. आमच्या ज्वारीच्या रानात थोरल्या भावाने, तात्यारावाने, चार मजली इमारत उठवली, तिच्या तळमजल्यावर मी राहतो. २००८ साली माझ्या वरच्या दोन खोल्यांत वानखडे जोडपं भाड्याने आलं. अचलपूरकडची माणसं. नवरा संतोष नांदेड फाट्याजवळ एका वर्कशॉपात लेथवर होता, आणि दीपमाला घरी बसून कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका आणि दिवाळी अंकांची पानं लावायची. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असल्या की तिचं टायपिंग मला खाली ऐकू यायचं. अठ्ठावीस वर्षं मी स्विचबोर्डवर काढली. बोटांवरून माणूस ओळखता येतो. ही बाई घाई करत नव्हती आणि थांबतही नव्हती. एकदा जिन्यात गाठून मी तिला विचारलं, "पुस्तकांचं काम कराल का?" ती म्हणाली, "कशाचंही करीन, पत्रिकांचा वीट आला. सगळ्यांच्या घरी तेच ते मंगल कार्य."

नारायण पेठेत एका ट्रस्टचं केंद्र आहे. अंध विद्यार्थ्यांना लागणारी पुस्तकं तिथे स्कॅन करतात. स्कॅन म्हणजे नुसता पानाचा फोटो. यंत्र त्या फोटोतून अक्षरं काढतं, ती माणसाने तपासायची आणि नीट मांडायची, मग ती फाइल आमच्या कॉम्प्युटरवर बोलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून वाचली जाते. मी तिथे मंगळवारी आणि शुक्रवारी जाऊन फाइली ऐकून बघत असे, फुकट. दीपमालाला मीच तिथे नेलं.

तिची पहिली फाइल मी तोंडावर फेकली होती. फाइल फेकता येत नाही, पण मी जे बोललो ते त्याच मापाचं होतं. इतिहासाचं पुस्तक होतं. तिने प्रत्येक प्रकरणाचं नाव मोठ्या, ठळक, सुंदर अक्षरात मधोमध बसवलं होतं. मी म्हणालो, "छान. आता मला सांगा, मी पाचव्या प्रकरणावर कसा जाऊ?" ती म्हणाली, "दिसतंय की मोठ्या अक्षरात." आणि म्हणता म्हणताच गप्प झाली.

अक्षर मोठं केलं की डोळ्याला मथळा मिळतो. कानाला काही मिळत नाही. यंत्राला वेगळी खूण करून सांगावं लागतं की हा मथळा आहे, हा तक्ता आहे, तक्त्याच्या या घराचं डोकं ते आहे. मग आम्ही एक बटण दाबतो आणि मथळ्यामागून मथळा उड्या मारत हवं तिथे पोचतो. ती खूण नसेल तर सहाशे पानांचं पुस्तक पहिल्या ओळीपासून ऐकत बसा. तुम्ही पान चाळता. आम्हाला चाळायला हेच आहे.

दुसऱ्या आठवड्यात मी गेलो तर केंद्रातली मंडळी खुसुखुसु हसत होती. "आप्पा, तुमच्या बाईंनी मॉनिटरला सोवळं नेसवलंय." दीपमालाने घरून संतोषचा पंचा आणला होता आणि पडद्यावर टाकला होता. माउसही बाजूला काढून ठेवला होता. पुस्तक पुरं झालं असं वाटलं की ती पंचा टाकायची, कानाला हेडफोन लावायची आणि आम्ही वाचतो तसं ते अथपासून इतिपर्यंत वाचायची. कुठे वाट चुकली की पंचा काढायचा, दुरुस्त करायचं आणि ते प्रकरण पुन्हा पहिल्यापासून. एका पुस्तकाला दहा-बारा दिवस लागायचे. बाकीचे दोन दिवसांत उरकायचे. तिला कोणी घाई केली तर म्हणायची, "मी हरवले तर वाचणारा हरवलाच ना." सात वर्षांत ही पद्धत तिने एकदाही मोडली नाही, आणि कधी कुणी तिला ती शिकवायला सांगितली नाही.

२०१४च्या सुमाराला कंपन्यांना समाजसेवेची उबळ आली. कायद्यानेच आणली म्हणा. तेव्हा ट्रस्टने शेफाली नावाची समन्वयक नेमली. मुलगी वाईट नव्हती. मला बसवर सोडायला यायची, चहात साखर किती ते लक्षात ठेवायची. पण तिला वरून आकडे मागितले जायचे आणि आकड्यांवर तिची भक्ती बसली. "आप्पा, या क्वार्टरला किती टायटल्स झाली?" असं ती विचारायची. मी म्हणायचो, "झाली किती ते माहीत नाही. वाचता येतात ती पाच."

आता मुक्ताचं सांगतो, कारण सगळं तिच्यावरूनच झालं.

मुक्ता विश्रांतवाडीला मावशीकडे राहून कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. जन्मांध. नाव मुक्ताई, पण ताई म्हणण्याइतकी ती मोठी नाही, असं म्हणून आम्ही तिला मुक्ताच म्हणायचो. तिला कामगार कायद्यांचं मराठी पुस्तक हवं होतं. सहाशे बारा पानं, सतरा प्रकरणं. वर्गातली मुलं छापील पुस्तक घेऊन मोकळी झाली होती. हिने जानेवारीत केंद्राला अर्ज दिला आणि एप्रिलपर्यंत पुस्तक रांगेत पडून होतं. शेवटी ते दीपमालाच्या हातात आलं. हा पेपर सुटला तर मुक्ता पदवीधर होणार होती आणि शिवाजीनगर कोर्टातले एक वकील तिला हाताखाली घ्यायला तयार होते. नाहीतर एक अख्खं सत्र गेलं, आणि ते वकील थांबतील याचा काय भरवसा?

दीपमालाने चौदा प्रकरणं पुरी करून मुक्ताला दिली. उरलेल्या तिनांत सोळावं प्रकरण तक्त्यांचं होतं: कशाची नोटीस, कोणी कोणाला द्यायची, किती दिवस आधी. अकरा तक्ते. परीक्षेत हमखास विचारतात असं मुक्ता म्हणायची. मे महिन्यात दीपमालाच्या भावाचं लग्न अचलपूरला होतं. ती दहा दिवसांची रजा टाकून गेली. परत आल्यावर पेपरला आठवडा राहत होता, तेवढ्यात तीन प्रकरणं होणार होती. सगळा हिशोब तिने मुक्ताला समजावून सांगितला होता.

ती तिकडे हळदीत असताना इकडे महायज्ञ झाला. हिंजवडीतली एक कंपनी. नाव घेत नाही, नाव घेण्याइतकी ती दुसऱ्यांपेक्षा वेगळी नाही. तिच्या चारशे वीस कर्मचाऱ्यांनी एका शनिवारी 'एक दिवस, एक हजार पुस्तकं' असा संकल्प सोडला. शेफालीने त्यांना हजार फाइली दिल्या. हजार भरत नव्हत्या, म्हणून अर्धवट कामाच्या फाइलीही त्यात घातल्या. त्यात हे पुस्तक गेलं. संध्याकाळपर्यंत हजार पुस्तकं 'पूर्ण' झाली, केक कापला गेला आणि सगळं संकेतस्थळावर चढलं.

त्यानंतरच्या दुसऱ्या मंगळवारी मी केंद्रात होतो. दीपमाला आदल्या संध्याकाळीच गावाहून आलेली, तिने पिशवीतून लग्नाचे लाडू काढले होते. एवढ्यात मुक्ताची काठी जिन्यावर वाजली. विश्रांतवाडीहून दोन बस बदलून ती खास आभार मानायला आली होती.

"ताई, तुम्ही गावाला जाऊनसुद्धा पुस्तक पूर्ण केलंत! सोळावं प्रकरण पाठसुद्धा झालं माझं."

दीपमाला म्हणाली, "सोळावं? मी तर अजून..."

"ऐका तर." आणि मुक्ता उभ्या उभ्या म्हणायला लागली. "कारखाना बंद मालकाने साठ करण्याची नोटीस सरकारला दिवस आधी. संप कामगार चौदा पुकारण्याची संघटनेने दिवस आधी नोटीस मालकाला."

असे अकराच्या अकरा तक्ते. एक शब्द इकडचा तिकडे नाही. म्हणजे सगळे शब्द इकडचे तिकडे, पण फाइलीत होते तसेच. पाढे म्हणावेत तशा सुरात, धाप लागेपर्यंत ती म्हणत होती, आणि दीपमालाच्या हातातला लाडवाचा डबा टेबलावर आपटल्याचा आवाज मला आला.

काय झालं होतं ते दीपमालाने फाइल उघडून मला सांगितलं. कंपनीतल्या कुणा हुशार माणसाने तक्ता करण्याऐवजी शब्दांच्या मध्ये मोकळी जागा सोडून सोडून तीन स्तंभ उभे केले होते. डोळ्याला तक्ताच दिसतो. यंत्र ओळ आडवी वाचतं, त्यामुळे तिन्ही स्तंभांतले तुकडे एकात एक मिसळून गेले. एवढ्यावर थांबले नव्हते. मथळे मोठे, ठळक, निळे. पण यंत्राला सांगणारी खूण एकाही मथळ्याला नाही. दीपमालाने पहिल्या चौदा प्रकरणांना घातलेल्या खुणाही सजावट करताना पुसल्या गेल्या होत्या. आणि पहिल्याच पानावर एक टीप होती. ती तिने मला दोनदा वाचून दाखवली, कारण पहिल्यांदा मला ती थट्टा करतेय असं वाटलं: 'वाचकांच्या सोयीसाठी महत्त्वाची कलमं लाल रंगात दिली आहेत.'

आंधळ्यांच्या सोयीसाठी. लाल रंगात. चारशे वीस शिकल्यासवरल्या माणसांत एकालाही हसू आलं नाही, लाज वाटली नाही.

मी राग काढला तो मुक्तावर. "अगं, अर्थ लागत नव्हता तर पाठ कशाला केलंस?"

ती पुटपुटली, "मला वाटलं कायद्याची भाषा अशीच असते."

दीपमाला तडक शेफालीकडे गेली. मी मागोमाग. तिचं म्हणणं एवढंच होतं की हे पुस्तक संकेतस्थळावरून आत्ताच्या आत्ता काढा. मुक्तासारख्या आणखी बेचाळीस जणांनी ते उतरवून घेतलेलं आहे, त्यांना कळवा.

शेफाली म्हणाली, "दीपमाला, आत्ता नाही काढता येणार. रविवारी कंपनीत फंक्शन आहे, रेकॉर्डवाले येणार आहेत मोजायला. एक काढलं तर नऊशे नव्व्याण्णव होतात."

"मग नऊशे नव्व्याण्णव म्हणा."

"असं कसं म्हणणार? बॅनर छापून झालाय."

मी म्हणालो, "सोमवारची प्रश्नपत्रिकाही छापून झाली आहे."

"आप्पा, प्लीज. अक्षरं नव्व्याण्णव टक्के बरोबर आहेत, आम्ही सॉफ्टवेअरने चेक केलंय. फॉरमॅटिंगचे छोटे इश्यूज फंक्शननंतर बघू ना." मग तिने दीपमालाला त्या आठवड्याचं काम सांगितलं. चारशे वीस स्वयंसेवकांची प्रशस्तिपत्रकं करायची. प्रत्येकाचं नाव नीट, सोनेरी चौकटीत. दोनशे पुस्तकं करणाऱ्या बाईला तिचं पुस्तक नासवणाऱ्यांची प्रशस्तिपत्रकं करायला बसवलं, आणि ती बसली. नोकरी होती. संतोषच्या वर्कशॉपात तेव्हा आठवड्यातले तीन दिवसच काम निघत होतं.

संध्याकाळी घरी आली की ती उरलेली तीन प्रकरणं घेऊन बसायची. स्वयंपाक संतोष करायचा. करपल्याचा वास खाली यायचा आणि वरून तिचा आवाज, "राहू द्या, तसंच खाऊ." एक प्रकरण बुधवारी झालं, दुसरं गुरुवारी. अकरा तक्ते शनिवारी दुपारी झाले. पंचा टाकून तिने ते ऐकले, मग मी खाली ऐकले, आणि मुक्ता पुन्हा दोन बस बदलून धायरीला आली. माझ्या खोलीत बसून ती खरा तक्ता ऐकत होती. तात्याराव दारातून डोकावून म्हणाला, "आरं, ही पोरगी मघाधरनं काय पुटपुटती हाय?" मी म्हणालो, "विसरायचा अभ्यास करतेय."

ते खरंच होतं. नवं तिला तासाभरात कळलं, कारण त्याला अर्थ होता. पण जुनं आठ दिवस घोकलेलं. मधेच विचारलं की तोंडातून पहिल्यांदा तेच यायचं, आणि आपल्याच तोंडाचं ऐकून ती दचकायची. गाजरगवत उपटल्यासारखं होतं ते. रान साफ झालं म्हणावं तर बांधाला पुन्हा उगवलेलं. संध्याकाळी बसमध्ये चढताना ती मला म्हणाली, "आप्पा, होईल ना?" मी होईल म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

रविवारी सकाळी कंपनीची गाडी मला न्यायला आली. मी 'लाभार्थी' होतो. दीपमालाला प्रशस्तिपत्रकांचं तबक धरायला बोलावलं होतं. हॉल इतका थंड की बारावी शाल पडली तेव्हा क्षणभर बरं वाटलं. विक्रम नावाचे कंपनीचे मोठे अधिकारी बोलले. डोळस माणसाने अंधाला दृष्टी देणं वगैरे. मग निवेदिका म्हणाली, "आता आप्पासाहेब आपल्याला एक पुस्तक वाचून दाखवतील!"

हे त्यांनी मला आधी सांगितलं होतं, आणि मी मुद्दाम गोड हो म्हटलं होतं. मी कामगार कायद्याचं पुस्तक उघडायला सांगितलं. माइक लॅपटॉपजवळ धरला आणि मथळ्यावर नेणारं बटण दाबलं. यंत्र म्हणालं, "पुढे मथळा नाही."

हॉलमध्ये टाळ्या झाल्या.

मी पुन्हा दाबलं. "पुढे मथळा नाही." तक्त्याचं बटण दाबलं. "पुढे तक्ता नाही." आणखी टाळ्या. कॉम्प्युटर मराठीत बोलतोय यातच त्यांना धन्यता वाटत होती. काय बोलतोय ते कोणी ऐकत नव्हतं. मी माइकवर सांगितलं, "मंडळी, टाळ्या थांबवा. यंत्र सांगतंय की सहाशे बारा पानांत एकही मथळा नाही आणि एकही तक्ता नाही. या पुस्तकात मला आत जायला वाट नाही."

कोणी तरी पुसट हसलं. निवेदिका म्हणाली, "आप्पासाहेबांची विनोदबुद्धी पाहा!"

तेव्हा तबक खाली ठेवल्याचा खणकन आवाज आला. पुण्यात आठ वर्षं काढून दीपमालाने आपली बोली जपून घरात ठेवली होती. ती त्या दिवशी हॉलमध्ये आली.

"हसून काहून राहिले तुम्ही? माणूस खरं बोलून राहिला! लाल रंग कोणाले दिसते, मले सांगा. ज्यानं ही टीप लिहिली त्यानं उभं राहावं. डोळे मिटून एकदा ऐकलं असतं तर समजलं असतं, एकदा! आठ दिवस पोरीनं उलटंपालटं पाठ केलं. उद्या अकराले तिचा पेपर आहे. बेचाळीस जणांकडे हे गेलं आहे. लॅपटॉप समोर आहे, शेफालीताई, काढा ते पुस्तक. आत्ता काढा."

मला खरंच वाटलं की आता कोणी तरी उठेल. चारशे वीस माणसं होती, त्यांतली दहा तरी घरी आईबापांशी नीट वागत असतील. मग विक्रम साहेबांचा आवाज आला, अगदी मवाळ. "व्हॅलिड फीडबॅक आहे, मॅडम. आपण यावर ऑफलाइन नक्की बोलू." आणि निवेदिका, "दीपमाला मॅडमच्या पॅशनसाठी जोरदार टाळ्या!"

आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. माणसाच्या रागालाही यांनी कार्यक्रमात बसवून टाकलं. एवढा संताप मला बँकेने घरी बसवलं तेव्हाही आला नव्हता. मी ती शाल खुर्चीवर टाकली आणि दीपमालाच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर पडलो. गाडीवाला म्हणाला, कार्यक्रम संपल्याशिवाय सोडता येणार नाही. आम्ही बसने आलो.

पुस्तक काढलं नाही. हजाराचा विक्रम झाला, वर्तमानपत्रात फोटो आला. जूनअखेर दीपमालाचं कंत्राट संपलं ते पुन्हा झालं नाही. पत्रात कारण लिहिलं होतं: संघभावनेचा अभाव. मी केंद्रात जाणं बंद केलं. शेफालीचा एकदा फोन आला, "आप्पा, तुम्ही तरी समजून घ्या." मी म्हणालो, "समजलंय म्हणूनच येत नाही." दीपमालाने पुन्हा पत्रिका घ्यायला सुरुवात केली.

मुक्ताचा निकाल ऑगस्टमध्ये लागला. बाकीचे पेपर सुटले. कामगार कायदा चार गुणांनी गेला. नोटिशींचा प्रश्न सोळा गुणांना होता, त्यात तिला दोन मिळाले.

ती धायरीला आली ती रडायला आली नव्हती. माझ्या खोलीत आम्ही तिघं बसलो. दीपमालाने चहा आणला आणि तो तसाच राहिला.

"लिहून घ्यायला जी मुलगी होती ना," मुक्ता म्हणाली, "ती सारखी विचारत होती, काय लिहू? मला दोन्ही आठवत होती, ताई. एक तुमचं आणि एक ते. आत बसल्यावर कुठलं खरं तेच कळेना. मी सुरुवात बरोबर केली आणि मधेच त्या दुसऱ्यात शिरले. ती मुलगी म्हणाली पण, ताई, हे वाक्य लागत नाही. मी म्हटलं, लिही तू, पुस्तकात असंच आहे."

मला राहवलं नाही. मी त्या कंपनीला, ट्रस्टला, त्या लाल रंगाला यथेच्छ शिव्या घातल्या. मग पुन्हा तेच म्हणालो, जे मे महिन्यात म्हणालो होतो. "पण मुक्ता, तू एवढी हुशार. पहिल्यांदा वाचलंस तेव्हाच तुला शंका यायला हवी होती."

"आली होती, आप्पा. तेव्हा तुम्ही विचारलंत आणि मी सांगितलं नाही. ताई उभ्या होत्या समोर. अर्थ लागेना म्हणून मी फाइलीच्या शेवटी गेले. हे कोणी तपासलंय ते बघायला. तिथे लिहिलं होतं, तपासणी: दीपमाला वानखडे. मग मी म्हटलं, ताईंनी ऐकलं असणार. म्हणजे चूक माझ्याच डोक्यात आहे. म्हणून पाठ केलं."

पहिल्या चौदा प्रकरणांच्या वेळी घातलेलं दीपमालाचं नाव फाइलीवर तसंच राहून गेलं होतं. कपबश्या उचलून दीपमाला आत गेली आणि नळ सोडून बराच वेळ तिथेच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने केंद्राला अर्ज केला. पुस्तक काढत नसाल तर राहू द्या, माझं नाव तेवढं त्याच्यावरून काढा. पंधरा दिवसांनी शिक्का मारलेलं उत्तर आलं. तपासणाऱ्याच्या नावाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही.